भाड्याने दिलेल्या फ्लॅटला ‘भारत गृह रक्षा’: रक्कम किती टाकायची?

घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये भाड्याने दिलेल्या फ्लॅटचा विमा काढायचा, तर निवड सहसा ‘भारत गृह रक्षा’पासून सुरू होते. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी आहे. मूळ कलमे सगळ्या कंपन्यांत सारखीच असतात. फरक हप्त्यात, जोडकलमांत (मूळ पॉलिसीला वेगळे जोडून घ्यायचे संरक्षण) आणि क्लेमच्या वेळच्या सेवेत. पॉलिसी चांगली आहे. घरमालक चुकतात ते रकमेत, आणि बहुतेकदा एकाच रकमेत.

आधी बांधकाम. इथे बाजारभाव टाकायचाच नाही. सव्वा कोटीच्या फ्लॅटमध्ये जमिनीची किंमत मोठी असते आणि जमीन जळत नाही. नवी मुंबईत तर बहुतेक ठिकाणी ती सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असते. पॉलिसीचे सूत्र साधे आहे: कार्पेट (भिंतींच्या आतले) क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, गुणिले त्या भागातला आजचा बांधकाम खर्च. ६०० चौरस फूट म्हणजे सुमारे ५५.७ चौरस मीटर. उदाहरणापुरता दर चौरस मीटरला ४०,००० रुपये धरला तर रक्कम साधारण २२ लाख ३० हजार येते. खरा दर आर्किटेक्टकडून किंवा त्याच भागात काम करणाऱ्या काँट्रॅक्टरकडून घ्या. ठाण्यातल्या जुन्या करारनाम्यांत बिल्टअप (भिंती धरून), कधी सुपर बिल्टअप (सामाईक जागाही धरून) असा मोठा आकडा असतो. तो तसाच टाकला तर दरवर्षी फुकटचा हप्ता जातो. शंका असेल तर टेप घेऊन मोजा.

या पॉलिसीत कमी रकमेच्या विम्याबद्दल क्लेममधून कपात होत नाही. म्हणजे ५ लाखांचे नुकसान झाले, तर ‘विमा अपुरा होता’ म्हणून ३ लाखांवर बोळवण होत नाही. पण कमाल मर्यादा नोंदवलेल्या रकमेचीच राहते, म्हणून मुद्दाम कमी टाकू नका. एक वर्षाहून जास्त मुदत घेतली (१० वर्षांपर्यंत घेता येते) तर बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत, जादा हप्ता न घेता. सिमेंट-सळईचे भाव पाहता आमचा कल लांब मुदतीकडेच आहे.

सोसायटीचा विमा आहे का, हे त्याआधी सेक्रेटरींना विचारा आणि पॉलिसीची प्रत मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) त्याचा खर्च सभासदांवर बिल्टअप क्षेत्रफळाच्या प्रमाणात येतो, म्हणजे मेंटेनन्सच्या बिलातून तो तुम्हीच भरत असता. त्यात फ्लॅटच्या आतले बांधकाम धरले आहे की फक्त सामाईक भाग, ते बघा. एकाच नुकसानीचे पैसे दोन पॉलिस्यांतून दोनदा मिळत नाहीत.

सामानाला बांधकामाच्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, यादी न देताच संरक्षण मिळते. वरच्या उदाहरणात ते साधारण साडेचार लाख. एसी, फ्रिज, पलंग, वॉशिंग मशीन एवढेच दिले असेल तर पुरेसे आहे. भाडेकरूचे सामान यात येत नाही. लिव्ह अँड लायसन्स करारात तशी ओळ घाला आणि त्यांना स्वतःच्या सामानाचा विमा काढायला सांगा. शॉर्टसर्किटने एसीच जळाला, तर त्या एसीचे पैसे नाहीत; त्यामुळे लागलेल्या आगीत पलंग, पडदे, वायरिंग गेले, तर त्याचे आहेत.

आता ती राहून जाणारी रक्कम: बुडालेले भाडे. विमा असलेल्या (आगीसारख्या) कारणामुळे घर राहण्याजोगे उरले नाही, तर तेवढ्या काळाचे भाडे मिळण्याची सोय या पॉलिसीतच आहे. पण रक्कम आणि महिने तुम्ही सांगितले नाहीत, तर तो रकाना कोराच राहतो. भाडे ३०,००० असेल तर १२ महिन्यांचे ३ लाख ६० हजार. फक्त आतला भाग जळाला तर चार महिन्यांत काम उरकते, पण स्लॅबला किंवा बीमला धक्का बसला की स्ट्रक्चरल ऑडिट, सोसायटीची सभा, महापालिकेची परवानगी यांत वर्ष सहज जाते. म्हणून १२ महिने किमान, टॉवरमध्ये १८. क्लेमला आर्किटेक्टचा किंवा स्थानिक प्राधिकरणाचा ‘राहण्यास अयोग्य’ असा दाखला लागतो, आणि भाड्याचा पुरावा म्हणजे नोंदणीकृत करार. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारकच आहे. भाडेकरू निघून गेला किंवा त्याने भाडे थकवले, तर मात्र काही मिळत नाही.

उणिवा ठळक आहेत. चोरी फक्त विमा असलेल्या घटनेनंतर ७ दिवसांत झाली तरच. एरवीच्या घरफोडीला वेगळे कलम घ्यावे लागते. पाइप फुटला किंवा टाकी वाहिली तर नुकसान मिळते, पण वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत वर्षानुवर्षे मुरणारी ओल ही झीज समजली जाते. तुमच्या बाथरूममधून खालच्या घरात पाणी गेले, तर त्यांची भरपाई या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी दायित्वाचे (दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारे) जोडकलम मागा. जुन्या इमारतीत घरफोडीच्या कलमाआधी ते घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

फ्लॅट पीजी किंवा कंपनीच्या गेस्ट हाऊससाठी दिला असेल तर प्रस्तावात तसे लिहा, कारण ही पॉलिसी निवासी वापरासाठी आहे. गृहकर्जासोबत बँकेने विमा दिला असेल, तर तो कर्जाच्या रकमेवर बेतलेला आहे का आणि त्यात भाड्याचा रकाना भरला आहे का, हे आजच शेड्यूल (पॉलिसीतला रकमांचा तक्ता) उघडून बघा. कोटेशनची तुलना करताना हप्त्यावर १८ टक्के जीएसटी धरूनच करा.