रॉकसाठी स्पीकर: हॉर्न, मोठा वूफर की छोटा मॉनिटर?

उंची स्पीकर दुकानात बहुधा एकटा आवाज आणि पियानो लावून ऐकवले जातात, आणि तशा ध्वनिमुद्रणावर जवळपास प्रत्येक चांगला स्पीकर गोडच वाजतो. रॉकची परीक्षा वेगळी असते. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झवर आणि गिटारची ८२ हर्ट्झवर बोलते. त्यात ड्रमचे आघात आणि डिस्टॉर्शन दिलेल्या, म्हणजे सूर मुद्दाम खरखरीत केलेल्या, गिटारींचा एकसंध गजर मिसळतो, आणि हे सारे मोठ्या आवाजात ऐकायचे असते.

क्लिप्शचा ला स्काला हा हॉर्न स्पीकर, म्हणजे कर्ण्यातून आवाज देणारा, १९६३ पासून ओळखला जातो. त्याच्या एएल५ या आवृत्तीची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक शक्तीत मिळणारा आवाज, कंपनी १०५ डेसिबल सांगते, तर केईएफच्या एलएस५० मेटा या छोट्या मॉनिटरची ८५. हा वीस डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीच्या हिशेबात शंभर पट: जो आवाज ला स्काला एका वॅटमध्ये देतो, त्यासाठी एलएस५० ला शंभर वॅट लागतात. हॉर्नमुळे ड्रायव्हरच्या, म्हणजे आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या, पडद्याला फार हलावे लागत नाही, म्हणून स्नेअर ड्रमवरचा फटका जसा पडला तसाच, न दबता, खोलीत येतो. मात्र एवढे अवाढव्य खोके असूनही कंपनीच्याच आकड्यांनुसार त्याची खालच्या स्वरांची मजल ५१ हर्ट्झपर्यंतच आहे, म्हणजे बेसची खालची तार तिच्या मूळ स्वरासह पूर्ण ऐकू येत नाही. शिवाय तीन हॉर्नचे आवाज एकजीव व्हायला काही अंतर राखून बसावे लागते, त्यामुळे लहान खोलीसाठी तो मी सुचवणार नाही.

एलएस५० मेटाची गोष्ट उलटी आहे. त्यात ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा ड्रायव्हर, सव्वापाच इंची ड्रायव्हरच्या मध्यभागी बसवलेला असल्याने गायक आणि गिटारी आपापल्या जागी स्पष्ट उभ्या राहतात; पण ७९ हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या स्वरांचा वेगळा स्पीकर, जोडल्याशिवाय रॉकसाठी तो अपुराच आहे. सबवूफर नीट जुळवला, तर मात्र लहान खोलीत हीच जोडी सर्वांत शहाणपणाची ठरते, कारण सबवूफर खोलीत जिथे बेस समतोल वाटेल तिथे सरकवता येतो.

या दोहोंच्या मध्ये जेबीएलचा एल१०० क्लासिक येतो. मूळचा एल१०० म्हणजे ४३१० या स्टुडिओ मॉनिटरची, म्हणजे स्टुडिओत ध्वनिमुद्रण तपासून ऐकण्याच्या स्पीकरची, घरगुती आवृत्ती. आजच्या आवृत्तीत बारा इंची वूफर, म्हणजे खालच्या स्वरांचा ड्रायव्हर, आहे, सेन्सिटिव्हिटी ९० डेसिबल आहे आणि मजल सुमारे ४० हर्ट्झपर्यंत जाते. ला स्कालाच्या त्या एका वॅटसाठी याला सुमारे बत्तीस वॅट लागतात, जे कोणत्याही बऱ्या ॲम्प्लिफायरला सहज जमते. त्याच्या दर्शनी भागावर मधल्या आणि वरच्या पट्टीचा आवाज कमी-जास्त करणारे दोन नॉब आहेत. जुन्या छापाची ही सोय रॉकसाठी फार कामाची आहे, कारण नव्वदच्या दशकापासूनची अनेक ध्वनिमुद्रणे इतकी दाबून (हळू-मोठ्या आवाजांतला फरक कमी करून) चढवलेली आहेत की ती मोठ्याने लावली की कानाला टोचतात. सूक्ष्म तपशिलात तो एलएस५० च्या मागे पडतो, पण मध्यम आकाराच्या खोलीत निव्वळ रॉक ऐकणाऱ्याने माझ्या मते हाच घ्यावा.

ऐकून पाहताना आपलीच ध्वनिमुद्रणे न्यावीत, त्यांत एखादे कर्कशही असावे, आणि प्रत्येक जोडीचा आवाज सारख्या पातळीवर आणायला सांगावे. अन्यथा जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर केवळ मोठा वाजल्यामुळे सरस वाटतो.