चिंतेवर उपचार: गोळी, संवाद आणि भाषेचा प्रश्न

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडच्या मराठी घरांत चिंताविकार बहुधा ‘छातीत धडधडतंय’, ‘जीव घाबरा होतोय’ अशा तक्रारींतूनच प्रथम पुढे येतो आणि माणूस हृदयाच्या डॉक्टरांकडे जातो. त्यात गैर काही नाही, कारण थायरॉईडच्या दोषातही अशीच लक्षणे दिसतात. मात्र ईसीजी व रक्ततपासणी निर्दोष आल्यावर ‘टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर विषय संपतो, हे चुकीचे आहे.

मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या एसएसआरआय (चिंता आणि नैराश्यावरील औषधांचा एक प्रकार) गटातील गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात, आणि त्या आपल्या मनाने एकदम बंद करता येत नाहीत. अल्प्राझोलामसारखी शामक गोळी तासाभरात आराम देते खरी, पण तिची सवय लागते. शेजाऱ्याच्या डब्यातून ती घेणाऱ्यांची मला अधिक काळजी वाटते.

संज्ञानात्मक वर्तन उपचारात, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या संवादाच्या उपचारात (सीबीटी), साधारणपणे आठवड्याला एक याप्रमाणे १२ ते २० सत्रे होतात. बसमध्ये जीव घाबरतो म्हणून धारवाडला जाणेच सोडलेल्या माणसाला आधी स्थानकापर्यंत, मग एका थांब्यापर्यंत असे टप्प्याटप्प्याने नेले जाते, आणि टाळल्यामुळेच भीती कशी वाढत गेली हे त्याला स्वतःच्या अनुभवातून उमगते. हे शिकलेले उपचार संपल्यावरही कामी येते. सौम्य ते मध्यम त्रासात मी आधी हाच मार्ग सुचवीन. त्रास तीव्र असेल तर दोन्ही उपचार एकत्र घ्यावेत, आणि जीव द्यावासा वाटत असेल तर सत्राची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

गोळीला भाषा लागत नाही, संवादाला लागते. बाजारात सफाईने कन्नड बोलणाऱ्यालाही घरातली घुसमट कन्नडमध्ये सांगता येईलच असे नाही, म्हणून बेळगावात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत वेळ घेतानाच मराठी बोलणारे कोणी आहे का, हे विचारावे. असे संवादाचे उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणीही तपासावी. ते औषधे लिहून देत नाहीत. कोल्हापूर-पुण्याच्या तज्ज्ञांशी व्हिडिओवरून मराठीत बोलता येते, पण एकत्र कुटुंबात दार लावून तासभर बोलायला खोली मिळणे हीच खरी अडचण असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा निवडता येतात. नियमित सत्रांची जागा तो घेत नाही, पण कोणाकडे जावे हे कळण्यासाठी तो पुरेसा आहे.