घरच्या कॉम्प्युटरसाठी मोफत अँटीव्हायरस : चौदा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी कॉम्प्युटर एकच आणि त्यावर काम तिघांचं. मी घरबसल्या मराठी-हिंदी टायपिंग करते, लग्न-मुंजीच्या पत्रिका आणि मंडळांच्या स्मरणिका लावून देते. सासरे, म्हणजे बाबा, जलसंसाधन खात्यातून निवृत्त झालेत. पेन्शनचं, बँकेचं बघणं आणि सकाळचं वर्तमानपत्र याच मशीनवर. लेक नववीत आहे, तिचे प्रोजेक्ट असतातच. मशीन २०१८ चं, आय-थ्री, आठव्या पिढीचं. रॅम चारची आठ करून घेतली, हार्ड डिस्क अजून जुनीच, फिरती. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, छापखाने जवळ आहेत, त्यामुळे दिवसाकाठी दोन-तीन पेन ड्राइव्ह येतात-जातात. अँटीव्हायरस हा माझ्यासाठी पोटापाण्याचा विषय आहे.

सुरुवात एका पेन ड्राइव्हपासूनच झाली. लग्नसराई ऐन भरात होती. छापखान्यातून परत आलेला पेन ड्राइव्ह लावला, तर आत 'पत्रिका फायनल' नावाचा फोल्डर दिसला, पण त्याच्या कोपऱ्यात छोटा बाण आणि साइज २ केबी. घाईत मी डबल क्लिक केलं. फोल्डर उघडला, फाइल्स दिसल्या, काही बिघडलंय असं वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून गेलेल्या प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये तसेच बाणवाले फोल्डर. खरे फोल्डर लपवलेले आणि त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. त्यावर क्लिक केलं की आधी व्हायरस चालतो आणि मग खरा फोल्डर उघडतो. फाइल्स गेलेल्या नसतात, हे कळायला मला अर्धा दिवस लागला. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवायच्या आणि 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स'वरची टिक काढायची, मग सगळं दिसतं. तीन गिऱ्हाइकांना फोन करून सांगावं लागलं की माझ्याकडून आलेला पेन ड्राइव्ह उघडू नका. ते तीन फोन करताना जीव किती खाली-वर झाला, ते माझं मलाच माहीत.

विंडोजमधलं डिफेंडर, म्हणजे विंडोजबरोबरच येणारा अँटीव्हायरस, या सगळ्यात एक शब्द बोललं नव्हतं. तेव्हाच ठरवलं की विंडोजबरोबर मिळतं ते काही कामाचं नाही, बाहेरचा चांगला अँटीव्हायरस घ्यायचा, आणि मोफतच घ्यायचा.

पहिला घेतला तो एक नावाजलेला परदेशी. चार महिने ठेवला. साफसफाई त्याने चोख केली, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो गप्प बसायचा नाही. रोज खाली उजव्या कोपऱ्यात लाल-पिवळी चौकट यायची: अमुक इतक्या अडचणी सापडल्या, मशीन हळू झालंय, तुमचा इंटरनेटवरचा पत्ता सगळ्यांना दिसतोय. 'दुरुस्त करा' दाबलं की पैसे भरायचं पान. सहावीपासून कॉम्प्युटरवर असलेली लेक बघायचीसुद्धा नाही, सरळ बंद करायची. बाबा मात्र प्रत्येक चौकट चष्मा लावून पूर्ण वाचायचे आणि काळजीत पडायचे.

जानेवारीतल्या एका दुपारी त्यांनी हाक मारली, "अगं, लवकर ये, मशीनमध्ये व्हायरस शिरलाय, आज पैसे भरले नाहीत तर सगळं जाईल." जाऊन बघते तर डेबिट कार्ड कीबोर्डवर उलटं ठेवलेलं, पानावर कार्डाचे पहिले आठ आकडे भरलेले. कोपऱ्यात ढालीचं चित्र असलेली लाल चौकट होती आणि तिच्या खाली बारीक अक्षरात कुठल्या तरी भलत्याच वेबसाइटचं नाव. आमच्या अँटीव्हायरसचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता. पंचांग बघताना बाबांनी कधीतरी एका साइटवर 'अलाउ' दाबलं होतं, आणि तेव्हापासून ती साइट क्रोममधून नोटिफिकेशन पाठवत होती. कार्ड उचललं, पान बंद केलं, क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्समध्ये जाऊन ती साइट काढून टाकली. पैसे गेले नाहीत.

मी जरा चढ्या आवाजात म्हटलं, "अहो बाबा, हे खोटं आहे." ते म्हणाले, "रोज त्याच कोपऱ्यात तशीच चौकट येते की. ती खरी आणि ही खोटी, हे मी कशावरून ओळखायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्यांचंच बरोबर होतं. जो अँटीव्हायरस आपलं पेड व्हर्जन विकायला रोज घाबरवतो, तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाला लाल चौकट दिसली की क्लिक करायची सवय लावतो. मग खोटी चौकट घेऊन येणाऱ्याला वेगळं काही करावंच लागत नाही. मोफत अँटीव्हायरस निवडताना किती व्हायरस पकडतो हे सगळे बघतात. मी त्या दिवसापासून आधी हे बघते की तो कारण नसताना किती बोलतो.

दुसरा पर्याय शोधताना बरंच वाचलं. अवास्ट, एव्हीजी, अविरा आणि नॉर्टन ही चारही नावं आता जेन डिजिटल या एकाच कंपनीकडे आहेत, म्हणजे वाटते तितकी निवड मुळात नाही. अवास्ट मी वापरलेलं नाही, पण त्याच्याबद्दलची एक गोष्ट वाचून थांबले. वापरणाऱ्यांनी इंटरनेटवर काय काय पाहिलं याची माहिती जंपशॉट नावाच्या उपकंपनीमार्फत विकली गेली होती. ती उपकंपनी २०२० मध्ये बंद झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्या प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. मोफत गोष्टीचा खर्च कुठून तरी निघतोच, तो कुठून निघतो हे घेण्याआधी विचारावं. क्विक हीलकडे मन ओढत होतं, पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून उभी राहिलेली काटकर बंधूंची कंपनी, आपल्या माणसांची. पण ते मुळात पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर आहे. मात्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर त्यांचं बॉट, म्हणजे मशीनचा ताबा परक्याच्या हाती देणारे छुपे प्रोग्रॅम, काढायचं टूल मोफत मिळतं, ते मी एकदा चालवून घेतलं.

मग दोन महिने बिटडिफेंडरचं मोफत व्हर्जन ठेवलं. ईमेल देऊन खातं उघडावं लागतं, सेटिंग्ज मोजक्याच, आणि स्वभावाने शांत. ज्यांना विंडोजच्या सेटिंग्जमध्ये हात घालायचा नाही त्यांनी हे खुशाल घ्यावं. मी ते काढलं ते एकाच कारणासाठी. डिफेंडरमध्ये 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. ओळखीचं नसलेलं कुठलंही सॉफ्टवेअर आपल्या ठरलेल्या फोल्डरमधल्या फाइल्सना हात लावू शकत नाही, म्हणजे फाइल्सना कुलूप घालून पैसे मागणारं रॅन्समवेअर आलंच तरी ते तिथे अडतं. बाहेरचा अँटीव्हायरस चालू असला की डिफेंडर आपणहून मागे सरतं आणि ही सोय चालत नाही. माझी आठ वर्षांची कामं ज्या फोल्डरमध्ये आहेत, त्याला हे कुलूप मला हवंच होतं.

बाहेरचा अँटीव्हायरस काढला, रीस्टार्ट केलं, डिफेंडर आपोआप चालू झालं, हिरवी टिक आली. पण आधीचा अनुभव मनात होता, म्हणून परीक्षा घेतली. आयकार नावाची एक चाचणीची फाइल असते. ६८ अक्षरांची एक ओळ, पूर्ण निरुपद्रवी, पण जगातल्या सगळ्या अँटीव्हायरसनी तिला व्हायरस म्हणून पकडायचं असं ठरलेलं आहे. ती ओळ नोटपॅडमध्ये टाकून डेस्कटॉपवर सेव्ह केली. काहीच झालं नाही. पेन ड्राइव्हवर सेव्ह केली. तिथेही शांतता. हिरवी टिक तशीच.

विंडोज सिक्युरिटीमध्ये एक-एक पान उघडत गेले. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'च्या सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी 'एक्सक्लूजन्स' आहे, म्हणजे काय काय तपासायचं नाही याची यादी. तिथे तीन ओळी होत्या: सी, डी, ई. दोन वर्षांपूर्वी मशीन फॉरमॅट करून देणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याने पूर्ण मशीनच तपासणीतून वगळलं होतं. ई कशाला, हे जरा विचार केल्यावर कळलं. पेन ड्राइव्ह लावला की त्याला आमच्याकडे ई हेच अक्षर मिळतं. त्याचा क्रॅक, म्हणजे लायसन्स मोडून फुकटात चालवलेल्या, सॉफ्टवेअरचा पेन ड्राइव्ह पकडला जाऊ नये म्हणून ती ओळ होती. त्याच वाटेने छापखान्यातला तो व्हायरस आत आला. डिफेंडरला मी सहा महिने उगाच बोल लावत होते.

तिन्ही ओळी काढल्या. आयकार दोन सेकंदांत पकडली गेली, आणि तिच्या पाठोपाठ 'हॅकटूल, ऑटोकेएमएस', म्हणजे विंडोज फुकटात ॲक्टिव्हेट करायचं टूल. मशीन घेताना विंडोजच्या होम या एडिशनचं खरं लायसन्स आलं होतं, त्यावर त्या माणसाने क्रॅक केलेलं प्रो टाकलं होतं. लायसन्स मदरबोर्डशी बांधलेलं असतं, तीच एडिशन परत टाकली की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. म्हणून सगळं पुसून सरळ विंडोज ११ होम टाकलं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. डिफेंडरच्या व्हायरस-याद्या त्यावर २०२८ पर्यंत येणार आहेत, पण विंडोजमधली भोकं बुजवणारे अपडेट त्याने मिळत नाहीत. आठव्या पिढीचं प्रोसेसर ११ ला चालतं, बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मुळातल्या सेटिंग्जमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय चालू करावी लागली, इतकंच.

आता आठ महिने नुसतं डिफेंडर आहे. जर्मनीच्या एव्ही-टेस्ट या संस्थेच्या चाचण्यांत त्याला सहसा १८ पैकी १८ किंवा त्याच्या अगदी जवळ गुण असतात. त्याची खरी ताकद मात्र शंकास्पद फाइलबद्दल कंपनीच्या सर्व्हरला इंटरनेटवरून विचारून घेण्यात आहे. नेट बंद असताना त्याची पकड ढिली पडते. 'शंका आली की नेट काढ, मग पेन ड्राइव्ह लाव' असं मला पूर्वी सांगितलं जायचं. मी आता उलट करते, नेट चालू ठेवूनच लावते. लावला की आधी उजवं क्लिक करून स्कॅन, मग उघडणं, कारण नेहमीच्या फुल स्कॅनमध्ये पेन ड्राइव्ह धरला जात नाही. फुल स्कॅन चालू असताना फिरत्या हार्ड डिस्कवर मशीन जड होतं, कुठल्याही अँटीव्हायरसने होईल, म्हणून तो रविवारी सकाळी पोहे होईपर्यंत लावून ठेवते.

कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस मुळात बंद असतं, ते आपण चालू करायचं. पहिल्या दिवशी माझं टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर फाइल सेव्ह करेना. घाबरू नका, 'अलाउ ॲन ॲप'मध्ये त्याचं नाव एकदा घातलं की संपलं. 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये नको असलेली सॉफ्टवेअर अडवायची सोय आहे, तीही बघून घ्या. दुसरं मत हवं असेल तेव्हा मालवेअरबाइट्सचं मोफत व्हर्जन चालवते. ते फक्त सांगितल्यावर स्कॅन करतं, त्यामुळे डिफेंडरच्या आड येत नाही. आणि जेल रोडवरून एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणली आहे. शनिवारी लावायची, कामं कॉपी करायची, काढून कपाटात ठेवायची. लावून ठेवलेली डिस्क बॅकअप नव्हे, रॅन्समवेअर तिलाही कुलूप घालतं.

बाबांना मी एवढंच सांगितलं आहे की आपला अँटीव्हायरस कधीही पैसे मागत नाही. जी चौकट पैसे मागेल ती खोटी. गेल्या आठ महिन्यांत त्यांनी मला चौकटीसाठी दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा माउसला हात न लावता.

परवा सुदामा नगरला नणंदेकडे गेले होते. तिच्याकडे मशीन त्याच माणसाने फॉरमॅट करून दिलेलं. हिरवी टिक होती, सगळं ठीक दिसत होतं. तळाशी जाऊन एक्सक्लूजन्स उघडलं, तर तिथेही सी, डी, ई.