तेरा विजयांचा पिचर, एकवीस विजयांचा पिचर

२०१९ च्या अमेरिकन बेसबॉल मोसमात तीन आठवड्यांच्या अंतराने दोन पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, शेवटचे मैदानाबाहेर गेले. २६ सप्टेंबरला सिएटलमध्ये फेलिक्स हर्नांडेझ, घरच्या प्रेक्षकांसमोर, डोळे पुसत. १७ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये सीसी सबॅथिया, प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीच्या सामन्यात चेंडू टाकतानाच खांद्याने दगा दिला म्हणून. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबण्याचा नियम दोघांनाही लागू, त्यामुळे हॉल ऑफ फेम, म्हणजे बेसबॉल लेखकांची संघटना मतं देऊन ज्यात खेळाडू निवडते त्या सन्मान-दालनाच्या जानेवारी २०२५ च्या निकालात दोघं पहिल्यांदाच आणि एकत्रच आले. लागतात ७५ टक्के मतं. सबॅथियाला ८६.८ मिळाली, फेलिक्सला २०.६.

सबॅथिया आत गेला, तो विषय संपला. फेलिक्सचं नाव मात्र दरवर्षी किमान ५ टक्के मतं मिळत राहिली तर दहा वर्षं मतपत्रिकेवर राहू शकतं. तेव्हा ठरवायचं आहे ते त्याच्याबद्दल, आणि मोजपट्टी म्हणून सबॅथिया हाताशी आहे.

सबॅथियाचं पारडं जड का, हे सांगायला वेळ लागत नाही. २५१ विजय. ३,०९३ स्ट्राइकआउट, म्हणजे थेट पिचरने बाद केलेले बॅटर, आणि ३,००० चा टप्पा ओलांडणारा तो तिसराच डावखुरा. २००७ चा साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार, २००९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजबरोबर वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपद. २००८ मध्ये अर्ध्या मोसमात मिलवॉकीला गेला आणि १७ सामन्यांत ११ विजय मिळवून दिले, तेही करार संपत आलेला असताना, शेवटी शेवटी तीन दिवसांच्या विश्रांतीवर खांदा झिजवत. पुढे वेग गेला, दारूच्या व्यसनावर उपचार घ्यावे लागले, तरी नवा चेंडू शिकून तो पुन्हा उभा राहिला. ईआरए, म्हणजे क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले सोडून दर नऊ इनिंगमागे दिलेले रन, ३.७४; कमी तितका चांगला. हा आकडा काही डोळे दिपवणारा नाही. पण १९ मोसम आणि साडेतीन हजारांहून जास्त इनिंग टाकायला वेगळंच हाड लागतं.

फेलिक्सचा ईआरए ३.४२, सबॅथियापेक्षा चांगला. विजय मात्र १६९ आणि पराभव १३६. इथेच बरेच जण पान उलटतात. मी म्हणेन, आधी २०१० चा मोसम बघा.

त्या वर्षी सबॅथियाचे २१ विजय, ७ पराभव, ईआरए ३.१८. फेलिक्सचे १३ विजय, १२ पराभव, ईआरए २.२७. पिचरच्या नावावर विजय लागायचा तर तो मैदान सोडताना संघ पुढे असावा लागतो आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकावी लागते. क्रिकेटच्या भाषेत, तुम्ही पाच बळी घ्यायचे, आपल्या फलंदाजांनी ८० मध्ये गाशा गुंडाळायचा, आणि पराभव तुमच्या खात्यावर मांडायचा. सिएटलच्या संघाने त्या वर्षी १६२ सामन्यांत ५१३ रन केले, सामन्याला जेमतेम तीन. १०१ सामने हरले. तरीही मत देणाऱ्या लेखकांनी साय यंग फेलिक्सला दिला. सबॅथिया तिसरा आला. समोरासमोर तोलल्यावर त्याच लेखकांच्या संघटनेने विजयांचा आकडा बाजूला ठेवला होता, हे विसरू नका.

मग आता तोच आकडा पुन्हा का काढायचा? प्लेऑफचंही तेच. फेलिक्स तिथे एकदाही खेळला नाही, कारण २००१ नंतर सिएटल थेट २०२२ मध्ये प्लेऑफला पोहोचलं. २०१३ मध्ये त्याने सात वर्षांचा करार करून तिथेच राहणं पसंत केलं. ज्यांना यात निष्ठा दिसते त्यांनी गुण वाढवावेत. मला तो मोठ्या पैशांचा, समजून घेण्यासारखा निर्णय वाटतो. पण संघाच्या गरिबीची शिक्षा एका माणसाला दोनदा नको.

त्याच्याविरुद्धचा खरा मुद्दा वेगळा आहे. २०१५ संपला तेव्हा तो २९ वर्षांचा होता आणि १४३ विजय नावावर होते. २०१२ मध्ये परफेक्ट गेम, म्हणजे २७ च्या २७ बॅटर बाद, कुणी बेसवर पोहोचलंच नाही. २०१४ मध्ये लागोपाठ १६ सामन्यांत किमान सात इनिंग आणि जास्तीत जास्त दोन रन, हा विक्रमच. त्यानंतरच्या चार वर्षांत २६ विजय, ३५ पराभव. शेवटच्या मोसमात ईआरए ६.४०. यात बॅटरांचा दोष नाही. चेंडूचा वेगच गेला. वेग गेल्यावर सबॅथियाने नवा रस्ता शोधला, फेलिक्सला सापडला नाही.

लांब पल्ला हाच तुमचा निकष असेल, तर फेलिक्सला मत देऊ नका, आणि त्यात अन्याय नाही. शिखर मोजत असाल तर जुन्या काळच्या सँडी कोफॅक्स या पिचरचं उदाहरण आहे: १६५ विजय, तिशीतच निवृत्त, १९७२ मध्ये सन्मानाने आत. अर्थात कोफॅक्सकडे तीन साय यंग होते, हे सोयीस्करपणे विसरू नये.

मी फेलिक्सच्या नावापुढे खूण केली असती, पण योहान सँटाना या पिचरचं नाव अडखळवतं. दोन साय यंग, ईआरए ३.२०, आणि २०१८ मध्ये अवघ्या २.४ टक्के मतांवर पहिल्याच वर्षी बाद. फेलिक्सने त्याच्यापेक्षा सुमारे ७०० इनिंग जास्त टाकल्या आहेत. तरी माझी खूण त्या ७०० इनिंगच्या जोरावर असती.