जुन्या गाडीला नवा सायलेन्सर: कंपनीचा, दुकानातला की स्टेनलेसचा?

मारुती ८००, ओम्नी, झेन, सँट्रो अशा पंधरा-वीस वर्षांच्या गाड्या गोव्यातल्या बार्देश-सासष्टीत अजून रोज धावतात, आणि पावसाळा सरत आला की त्यांतल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या डब्याला, म्हणजे सायलेन्सरला, भोक पडलेलं सापडतं. वेल्डिंगचं ठिगळ एकदा चालून जातं. दुसऱ्यांदा लावायला गेलात की पत्र्याला वेल्ड धरत नाही, कड वितळते आणि भोक आणखी मोठं होतं. म्हणजे डबा बदलायलाच हवा. मग कुठला घ्यायचा? कंपनीचा जेन्युइन, स्पेअर पार्टच्या दुकानातला काळ्या रंगाचा स्वस्त डबा, की फॅब्रिकेशनवाल्याकडून स्टेनलेसमध्ये बनवून घेतलेला?

गोव्यात सगळे टिकाऊपणापासून सुरुवात करतात, म्हणून आधी तेच बघू. गंजाचा दोष आपण खाऱ्या वाऱ्याला देतो, पण तो अर्धाच खरा. एक लिटर पेट्रोल जळलं की धुरातून जवळजवळ एक लिटर पाणी बाहेर पडतं. इंजिनाजवळचा पाइप लगेच तापतो आणि तिथलं पाणी वाफ होऊन निघून जातं. मागचा डबा सगळ्यांत उशिरा तापतो. ताळगावाहून पणजी बाजार, फातोर्ड्याहून मडगाव स्टेशन एवढ्याच फेऱ्या असतील तर तो कधी नीट तापतच नाही. पाणी तळाला साचतं, धुरातल्या आम्लांशी मिसळतं आणि पत्रा आतून खात राहतं. बाहेरून खारी हवा आणि वर थापून बसलेला तांबडा चिखल असतोच. म्हणूनच साखळी-डिचोलीहून रोज पणजीला येणाऱ्या गाडीचा डबा गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीच्या डब्यापेक्षा जास्त वर्षं टिकलेला दिसतो. लांबच्या धावेत तो रोज कोरडा होतो.

नवा डबा कुठलाही घ्या, त्याच्या सगळ्यांत खालच्या बिंदूला पाणी गळण्यासाठी बारीक छिद्र आहे का ते आधी पाहा. साधारण तीन मिलिमीटरचं पुरतं. ते कारखान्यातूनच येतं, गळती समजून बुजवू नका.

दुकानातल्या काळ्या डब्याबद्दल थोडक्यात सांगता येईल. पातळ माइल्ड स्टीलचा पत्रा आणि वर काळा रंग. तो रंग पहिल्याच पावसात पापुद्र्यांनी सुटू लागतो. खरी अडचण आत कप्पे पाडणाऱ्या आडव्या पडद्यांची आहे. ते दोन-चार टाक्यांवर धरलेले असतात, त्यांतला एक सुटला की गाडी उभी असतानासुद्धा खडखड सुरू होते आणि डबा कापल्याशिवाय ती थांबवता येत नाही. घेण्यापूर्वी जुना डबा दुकानात न्या आणि दोन्ही हातांत धरून वजन करा. गंजून विरलेला कंपनीचा डबाही नव्या काळ्या डब्यापेक्षा जड लागला, तर पत्र्याची जाडी वेगळी तपासायची गरज नाही. गाडी वर्षभरात काढायचीच असेल तर हा डबा घ्यायला हरकत नाही. ठेवायची असेल तर मी तो घेऊ नका असंच म्हणेन.

म्हणजे निवड उरते कंपनीचा आणि स्टेनलेस यांच्यात. कागदावर स्टेनलेस सरळ जिंकतो. पण ‘स्टेनलेस’ या नावाखाली इथे तीन वेगळे धातू विकले जातात. ४०९ मध्ये सुमारे ११ टक्के क्रोमियम असतं. त्यावर वरवर तांबूस डाग येतात पण आरपार गंज क्वचित जातो, आणि मोटार कंपन्या सायलेन्सरसाठी बहुधा हाच वापरतात. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. तो चकचकीत राहतो आणि महागही आहे. तिसरा २०२, जो जिन्याच्या आणि बाल्कनीच्या रेलिंगला लागतो. निकेल कमी, मँगनीज जास्त. समुद्राकाठच्या रेलिंगवर जे तपकिरी ठिपके दिसतात ते बहुतेक याचेच. चुंबक लावून फसू नका. ४०९ ला चुंबक चिकटतो, ३०४ आणि २०२ दोन्हींना जवळजवळ चिकटत नाही. म्हणजे चुंबक चिकटला म्हणून नाकारलेला डबा कदाचित योग्य धातूचा असतो. ३०४ आणि २०२ मधला फरक भंगारवाले थेंब टाकून रंग बघण्याच्या औषधाने करतात. फॅब्रिकेशनवाल्याला तो थेंब आपल्यासमोर टाकायला सांगण्यात काही वावगं नाही.

आणखी एक गोष्ट. ३०४ तापल्यावर साध्या पोलादापेक्षा जवळजवळ दीडपट फुगतो. तो जुन्या माइल्ड स्टीलच्या पाइपला थेट वेल्ड केला की जोडाच्या कडेला पुढेमागे चीर पडण्याची भीती असते. जोड फ्लँज (पाइपच्या टोकाची, बोल्ट लावायची चकती) आणि गॅस्केटचा (मधला, गळती रोखणारा थर) हवा. तसा असेल तर पुढच्या वेळी डबा नटबोल्ट सोडून काढताही येतो, ग्राइंडर लावावा लागत नाही.

इथपर्यंत धातू नीट निवडला तर स्टेनलेसचं पारडं जड आहे हे मान्य. मला त्याच्यापासून मागे फिरवलं ते त्याच्या आवाजाने, आणि तोही मोठ्या आवाजाने नव्हे. गाडी सुरू केली की ती छान मऊ वाटते. शेजाऱ्यांना त्रास नाही, गॅरेजवालाही खूश. पण काचा वर करून पणजीच्या अटल सेतूवरून पन्नास-साठच्या एकसारख्या वेगाने जाऊ लागलात की केबिनमध्ये एक घूं सुरू होते. पितळी हंड्यात तोंड घालून कुणी गुणगुणावं तशी. अ‍ॅक्सिलरेटर जरा दाबला की जाते, सोडला की परत येते. पावसात काचा उघडता येत नाहीत. पणजी ते काणकोण एवढ्या धावेत डोकं जड होतं, रेडिओचा आवाज वाढवावा लागतो, मागे बसलेली माणसं बोलायची थांबतात.

असं का होतं, ते समजलं की निवड सोपी होते. ८०० आणि ओम्नीचं इंजिन तीन सिलिंडरचं. मिनिटाला २४०० फेरे घेताना ते सेकंदाला ६० ठोके मारतं. झेन, सँट्रोच्या चार सिलिंडरमध्ये तेवढ्याच फेऱ्यांना ८० होतात. हा फार खालच्या पट्टीतला आवाज. बनवून घेतलेल्या स्टेनलेस डब्यात बहुतेक ठिकाणी एकच सरळ, भोकं पाडलेली नळी घालतात आणि तिच्याभोवती ग्लासवूल (काचेच्या तंतूंचा कापूस) भरतात. ग्लासवूल वरच्या पट्टीतला कर्कशपणा उत्तम शोषतं, खालच्या पट्टीतला ठोका मात्र त्यातून जवळजवळ तसाच निघून जातो. कंपनीच्या डब्यात कप्पे असतात. धूर एका कप्प्यातून दुसऱ्यात वळतो, परत फिरतो, आणि आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटून विरतात. खालचा आवाज मारायला असे कप्पे आणि डब्याचा पुरेसा आकार दोन्ही लागतात.

आवाज मोजायच्या यंत्रावर या फरकाचा भरवसा ठेवू नका. वाहनांचा आवाज ज्या ‘ए’ पट्टीत मोजतात, त्यात ६३ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६३ ठोक्यांच्या, आसपासचा आवाज सुमारे २६ डेसिबलने कमी धरला जातो. त्यामुळे दोन्ही डब्यांचे आकडे जवळपास सारखे दिसू शकतात आणि गाडीत बसणाऱ्याचा अनुभव अगदी वेगळा असतो. इथे कानच प्रमाण. शक्य असेल तर तसाच डबा लावलेल्या एखाद्या गाडीत बसा, काचा बंद करा, चौथा गिअर टाका आणि सपाट रस्त्यावर पाच मिनिटं एकाच वेगाने जा. उभ्या गाडीत रेस करून काहीच कळत नाही.

ग्लासवूलची दुसरी खोड खास आपल्या हवेची. छोट्या फेऱ्यांमध्ये साचलेलं पाणी ते धरून ठेवतं, भिजून दबतं, तुटतं आणि भोकांतून थोडंथोडं बाहेर उडतं. मग पहिल्या वर्षी मऊ असलेला डबा पुढे मोठ्याने बोलू लागतो, आणि तोपर्यंत पत्रा मात्र नव्यासारखा असतो.

दिवाडीच्या फेरीबोटीवर ओहोटीला चढणाऱ्यांनी डबा किती खाली लटकतो हेही मोजावं. चपट्या मूळ डब्याच्या जागी गोल डबा बसवला की तो दोन बोटं तरी खाली येतो आणि गाडीचं नाक वर गेलं की शेपूट घासतं. गतिरोधकांवरही तेच.

कंपनीच्या डब्याचे दोष लपवण्यासारखे नाहीत. जुन्या मॉडेलांचे डबे बहुधा अ‍ॅल्युमिनाइज्ड पत्र्याचे असतात. पोलादावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो, पण वेल्ड होतो तिथे तो जळून जातो आणि गंज नेमका तिथूनच शिरतो. म्हणून नवा डबा बसवण्यापूर्वी सगळ्या वेल्डच्या रेषा आणि टोकांच्या दुमडी तारेच्या ब्रशने घासा, थिनरने पुसा आणि सुमारे ६०० अंश सोसणाऱ्या सिलिकॉन अ‍ॅल्युमिनियम रंगाचे दोन पातळ हात द्या. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि माझ्या पाहण्यात याने पावसाळे वाढतात. किती, ते तुमच्या फेऱ्यांवर अवलंबून.

बसवताना घाई केली तर चांगला डबाही आवाज करतो. आदल्या रात्री सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, नाहीतर पुढचा स्टड (नट बसतो तो आट्यांचा खुंट) तुटणार हे धरून चला. नवे नट पितळी लावा, ते स्टडला गंजून चिकटत नाहीत. डबा ज्यांवर लटकतो ते रबरी हँगर सगळे एकदम बदला. जुनी रबरं कडक झाली की इंजिनाची थरथर थेट बॉडीत जाते आणि दोष डब्याला मिळतो. रबर चढवताना साबणाचं पाणी लावा, तेल नको, तेलाने रबर फुगून सुटतं. काही ठिकाणी रबराऐवजी पट्टी नाहीतर सळई वेल्ड करून देतात. ते मुळीच करू देऊ नका. यू क्लॅम्प पाइप चेपतो आणि पुढच्या वेळी जोड सुटत नाही, त्यापेक्षा रुंद पट्टीचा क्लॅम्प बरा. गाडीवरच वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची मायनस वायर आधी काढा आणि पेट्रोलची टाकी व नळी कुठून जातात ते पाहून घ्या. शेवटी थंड इंजिन सुरू करून टेल पाइपच्या तोंडावर जाड ओलं फडकं क्षणभर दाबा. जोडातून फुसफुस आली तर गॅस्केट बसलेलं नाही. टेल पाइप बंपरच्या बाहेर आलेला हवा, नाहीतर मागच्या दाराच्या विरलेल्या बीडिंगमधून धूर आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) असलेल्या गाडीत तो पोकळ करून ‘पिकअप वाढवून’ देणारे भेटतील. आतल्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू असतात, ती कुणाच्या फायद्याची ते ओळखा. शिवाय आवाज-धुराच्या मर्यादा मोडल्या तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं आणि लायसन्सही तीन महिने जातं.

राहिला प्रश्न मिळण्याचा. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, आणि अशा गाड्यांचे जेन्युइन डबे म्हापसा-मडगावच्या काउंटरवर दर वेळी मिळतीलच असं नाही. आधी बेळगाव, कोल्हापूरहून मागवून पाहा. वाट बघायची तयारी असेल तर माझं मत कंपनीच्याच बाजूने. नाहीच मिळाला तर स्टेनलेस बनवा, पण फॅब्रिकेशनवाल्याला आधी चार गोष्टी सांगा: पत्रा ४०९ किंवा ३०४, बाहेरचा आकार मूळ डब्याएवढाच, आत निदान दोन आडवे पडदे, आणि दोन्ही टोकांना फ्लँज. डबा ताब्यात घेताना एका तोंडातून टॉर्च मारा. दुसऱ्या तोंडातून उजेड सरळ आरपार दिसला, तर पैसे देण्यापूर्वी तो परत उघडून घ्या.