स्टार ट्रेकचा सहा सिनेमांचा सेट: स्पॉक परत येतो, डेव्हिड येत नाही

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळात फिरणाऱ्या जहाजाच्या टीमची अमेरिकन सिरीज, तिच्या जुन्या टीमच्या सहाही सिनेमांचा, म्हणजे १९७९ ते १९९१ वाल्या, फोर-के सेट मागवला होता कारण नाशिकच्या मल्टिप्लेक्सला असले पिक्चर कुठून लागणार. बॉक्सचा एक कोपरा चेपून आला, डिस्क मात्र सगळ्या ओके. प्रिंट मस्तच, दुसऱ्या भागातला तो नेब्युला, म्हणजे अंतराळातला वायूचा ढग, पाण्याच्या टाकीत लेटेक्स सोडून आणि रंगीत लाइट मारून शूट केलाय आणि आजच्या कॉम्प्युटरवाल्या ढगांपेक्षा भारी दिसतो. पुढे स्पॉयलर आहेत, आधीच सांगतो.

सेट सलग बघायचा प्रॉब्लेम असा की मेकर्सची चलाखी लगेच पकडली जाते. १९८२ ला, म्हणजे दुसऱ्या भागात, कॅप्टन कर्कचा जिवलग मित्र स्पॉक मेला, काचेपलीकडून हात टेकवतो तो सीन, नाशिकरोडहून आलेला आमचा मित्र एकदम गप्प. लगेच तिसरा लावला (१९८४), शेवटाला स्पॉक जिवंत! मित्र म्हणे, "अरे मग मारलाच कशाला?" डायरेक्टर निकोलस मेयरलाही दुसऱ्याच्या शेवटी स्पॉक परत येईल अशी ती आशेची खिडकी नको होती, तरी टाकली. तिसऱ्यात कर्क स्वतःचं जहाज, एंटरप्राइज, उडवतो, आकाशात जळत जाताना बघून खरंच पोटात कालवतं, आणि चौथ्याच्या शेवटी नवं कोरं एंटरप्राइज हजर, रंगसुद्धा तोच. आईच्या सिरियलमध्ये मेलेला जावई प्लास्टिक सर्जरी करून परत येतो, त्यात आणि ह्यात फरक काय राहिला मग?

पण एक गोष्ट त्यांनी परत दिली नाही, कर्कचा पोरगा डेव्हिड. तिसऱ्यात क्लिंगॉन, म्हणजे परग्रहावरचे दुश्मन, त्याला मारतात, तेव्हा स्पॉकच्या गडबडीत आपलं तिकडे फारसं लक्षपण जात नाही. आणि सात वर्षांनी, १९९१ च्या सहाव्या भागात क्लिंगॉनशी तह करायची वेळ येते तेव्हा कर्कच्या डोक्यात तेच बसलेलं असतं, पर्सनल लॉगमध्ये बोलून ठेवतो की पोराचं मरण मी त्यांना माफ करू शकत नाही, आणि तेच रेकॉर्डिंग कोर्टात त्याच्याविरुद्ध वाजवतात. अख्ख्या सेटमधला माझा सगळ्यात आवडता सीन. डेव्हिडलाही कुठल्यातरी ग्रहावरून उठवून आणला असता तर हा सीनच नसता ना राव.

आता म्हणाल स्पॉकला परत आणलं नसतं तर चौथा पिक्चर नसता, स्पॉक करणाऱ्या लिओनार्ड निमॉयनेच तर तो डायरेक्ट केला. मान्य, आणि चौथा मला आवडतोच. पण मग किंमत तरी ठेवा काहीतरी. नवीन टीमच्या २०१३ वाल्यात तर कर्क मरतो, तोच काचेचा सीन उलटा करून, आणि त्याच पिक्चरमध्ये व्हिलन खानच्या रक्ताने उठून बसतो, रडायला पण वेळ देत नाहीत. त्याच टीमने २००९ ला स्पॉकचा व्हल्कन ग्रह उडवला तो मात्र तसाच ठेवला, त्याबद्दल शंभर मार्क.

सेटला पाचपैकी चार. पहिला स्लो आहे, झोप आली तर फास्ट फॉरवर्ड करा, पाचवा नाही बघितला तरी चालेल. दुसरा, तिसरा आणि सहावा ह्याच क्रमाने बघा, आणि चौथा, व्हेल माशांवाला, रविवारी मिसळ हाणून आल्यावर घरच्यांसोबत.