फ्लूची लस: मुंबईकरांनी पावसाळ्याआधी घ्यावी की थंडीआधी?

मुंबईत राहून वर्षातून एकदाच फ्लूची लस घ्यायची असेल, तर माझं उत्तर मे महिना. पण नोव्हेंबर आला आणि यंदा लस राहूनच गेली असेल, तर पुढच्या मेपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात घेऊन टाका.

मे महिना का? फ्लू हा थंडीचा आजार, ही समजूत थंड देशांतून आलेली आहे. श्रीनगरला ती लागू पडते, मुंबईला नाही. इथली मोठी साथ जुलै ते सप्टेंबरमध्ये येते आणि जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी, बहुतेक वेळा लहान लाट असते. पावसाची झड आली की लोकलच्या खिडक्या धडाधड खाली येतात, ओल्या छत्र्या पायाशी ठिबकत असतात आणि त्या कोंदट डब्यात कोणी खोकला तर तोंड फिरवायलाही जागा नसते. त्यातच गणपतीची गर्दी. 2009 साली स्वाइन फ्लूने भारतातला पहिला बळी घेतला तो पुण्यात, ऑगस्टमध्ये. स्वाइन फ्लूचा तोच विषाणू, एच1एन1, आता दरवर्षीच्या फ्लूचा भाग झाला आहे आणि लशीतही असतो. लस अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात आणि पुढच्या काही महिन्यांत तिचा जोर ओसरत जातो. म्हणजे मेअखेर घेतलेली लस भर पावसात सर्वांत कामाची असते, फेब्रुवारीत मात्र जरा उणी पडते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घेतलेली लस नेमकी ही फेब्रुवारीची उणीव भरून काढते, पण पुढच्या जुलैपर्यंत तिचाही जोर कमी झालेला असतो. तरी काही जणांना मी हीच वेळ सुचवेन: डिसेंबरात दिल्लीला किंवा युरोप-अमेरिकेत मुलांकडे निघालेले आई-बाबा, आणि मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असून मेमध्ये लस राहून गेलेली माणसं. गरोदर बाईने तर महिना बघूच नये. इंजेक्शनची लस गरोदरपणात कधीही चालते आणि आईची प्रतिपिंडं बाळापर्यंत पोहोचतात. सहा महिन्यांखालच्या बाळाला लस देताच येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी हा फार मोठा आधार असतो. मेमध्ये लस घेतलेल्या धडधाकट माणसाने नोव्हेंबरात पुन्हा घ्यायची गरज नाही. प्रतिकारशक्ती फारच कमी असेल तर डॉक्टरांना विचारा.

लस विकत घेताना केमिस्टकडून खोका हातात घेऊन वाचा. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लशीतले विषाणू ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. खोक्यावर ‘नॉर्दर्न’ किंवा ‘सदर्न हेमिस्फिअर’ आणि वर्ष छापलेलं असतं. आपण उत्तरेत, मग सदर्न कशाला, असं म्हणून लस परत करू नका. त्या घडीला मिळणारी सर्वांत ताजी लस घ्या. ती फ्रिजमधूनच, 2 ते 8 अंशांत ठेवलेली हवी आणि दवाखान्यापर्यंत बर्फाच्या पाकिटासोबत न्यायला हवी. तीन विषाणूंची की चार, यावर डोकं शिणवू नका. चौथा विषाणू, बी-यामागाटा, मार्च 2020 नंतर जगात कुठे फिरताना आढळलेला नाही. नाकात फवारायच्या लशीत जिवंत पण अशक्त केलेला विषाणू असतो, म्हणून ती गरोदर बायकांना आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना चालत नाही. इंजेक्शनच्या लशीने फ्लू होत नाही. दंड दुखतो, फार तर एक-दोन दिवस कणकण राहते.

लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. विषाणूशी चांगली जुळलेली लस डॉक्टरकडे जाण्याची वेळ साधारण 40 ते 60 टक्क्यांनी टाळते आणि आजार बळावण्याचा धोकाही कमी करते. घरात म्हातारं माणूस असेल तर एवढा फायदाही सोडण्यासारखा नाही. काढ्याने, वाफेने घशाला आराम पडतो, ते जरूर करा. पण लशीची जागा काढा घेऊ शकत नाही.

आणि मुंबईच्या थंडीतला प्रत्येक खोकला फ्लूचा नसतो. पाऊस गेला की वारा मंदावतो आणि बांधकामांची, रस्त्यांची धूळ खालीच साचते. ताप नाही, अंगदुखी नाही, फक्त घसा खवखवतो आणि रस्त्यावर गेलं की खोकला वाढतो, असं असेल तर बहुधा हवेचा दोष. त्यावर लशीचा उपयोग नाही. दमेकऱ्यांनी धुरक्यात पहाटेचं फिरणं टाळावं, बाहेर एन-95 मास्क लावावा, पंप जवळ ठेवावा. एकाएकी सणकून ताप, अंग मोडून आलेलं आणि कोरडा खोकला असेल तर फ्लूची शंका घ्या. जोखमीच्या माणसाला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, कारण ऑसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी पडतं. जुनं अँटिबायोटिक घरात पडलंय म्हणून देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

मुलांचं गणित थोडं वेगळं आहे. नऊ वर्षांखालच्या मुलाला पहिल्यांदाच लस देत असाल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. शाळा जूनमध्ये उघडते, तेव्हा पहिला डोस एप्रिलअखेरीस, गावाला जाण्याआधीच उरकून घ्या.